गॉथिक घर म्हणजे काळं घर नव्हे

गॉथिक ही मध्ययुगीन युरोपातली टोकदार कमानींची वास्तुशैली. पण गॉथिक सजावट म्हणजे काळ्या भिंती आणि कवट्या, असं वर्षानुवर्षं सांगितलं जातं. ते खरं नाही. लंडनजवळ ट्विकनहॅमला स्ट्रॉबेरी हिल हे घर आहे. इंग्रज लेखक होरेस वॉलपोलने ते १७४९ पासून गॉथिक धाटणीत घडवत नेलं. बाहेरून पांढरंशुभ्र! आत जिन्यापाशी मुद्दाम राखलेला करडा अंधार. तिथून गॅलरीत पाऊल टाकलं की किरमिजी भिंती आणि सोनेरी छताने डोळे दिपतात. ते नक्षीदार छत दगडाचं नाही, चक्क कागदाच्या लगद्याचं आहे. मला त्याचं फार अप्रूप वाटतं. काळोख आहे, पण उजेड खुलावा म्हणून. मुंबईत राजाबाई टॉवरच्या ग्रंथालयातही टोकदार कमानी आणि उन्हात उजळणाऱ्या रंगीत काचाच लक्षात राहतात. तेव्हा कमानदार आरसा, गडद लाकूड, एखादी रंगीत काच घ्या. भिंत खुशाल पांढरी ठेवा.