मचाणावरची जागा: खुल्या कलामहोत्सवातल्या ॲक्सेसची पार्श्वभूमी

हल्ली मोठा खुला कलामहोत्सव जाहीर झाला की तिकिटांच्या माहितीत 'ॲक्सेस', म्हणजे अपंग प्रेक्षकांसाठीच्या सोयी, असा एक भाग असतोच. रॅम्प, टॉयलेट, साइन लँग्वेज, सोबत्याला फुकट तिकीट अशी यादी असते आणि तिच्यात सगळ्यात ठळक फोटो असतो तो 'व्ह्यूइंग प्लॅटफॉर्म'चा. आपण त्याला मचाण म्हणू. मैदानाच्या मध्यावर किंवा एका कडेला लोखंडी पाइपांचा सांगाडा, वर प्लाय, भोवती कठडा, चढायला लांबलचक रॅम्प, वर व्हीलचेअरची एक ओळ आणि प्रत्येक व्हीलचेअरशेजारी एक घडीची खुर्ची. या मचाणावरून सध्या इतकी भांडणं चालतात की त्याच्यामागचा इतिहास एकदा नीट बघून घेतलेला बरा.

अगदी मागचं फार सांगत नाही. रॅम्पचा एकास बाराचा उतार, म्हणजे एक फूट चढायला बारा फूट लांबी, हा अमेरिकेच्या १९६१ च्या पहिल्या मानकातच आला होता, आणि तो इमारतींसाठी होता, चिखलाच्या मैदानासाठी कुणी बघितलाच नव्हता. निळ्या पाटीवरचं व्हीलचेअरचं चिन्ह १९६८ चं, डेन्मार्कच्या एका डिझाइन शिकणाऱ्या मुलीनं काढलेलं. तिच्या मूळ चित्रात माणसाला डोकं नव्हतं, नुसती खुर्चीच वाटायची, मग दुसऱ्या वर्षी कमिटीतल्या कुणीतरी वर एक गोळा काढला आणि त्याचा माणूस झाला. पुढे १९७३ मध्ये अमेरिकेत सरकारी पैसा घेणाऱ्या कुठल्याही कार्यक्रमात अपंगांशी भेदभाव करायचा नाही असं कलम आलं, पण त्याचे नियम चार वर्षं सहीविना पडून राहिले, आणि १९७७ च्या एप्रिलमध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या सरकारी इमारतीत शंभरावर लोक, बरेचसे स्वतः अपंग, तीन आठवड्यांहून जास्त ठाण मांडून बसले तेव्हा कुठे सही झाली.

त्याच सुमारास, १९७६ मध्ये, ब्रिटनमधल्या अपंगांच्या एका गटानं एक छोटंसं टिपण काढलं होतं, त्यातला मुद्दा पुढच्या सगळ्या वादात परत परत येतो. शरीरातली कमतरता वेगळी आणि अपंगत्व वेगळं, आणि हे दुसरं समाज आपल्या रचनेतून वरून लादतो, असं त्यांचं म्हणणं. मराठीत आपण दोन्हीला एकच शब्द वापरतो त्यामुळे हे वाक्य पहिल्यांदा वाचताना जरा अडखळायला होतं. पण पायऱ्या काढून टाका, मग पाय न चालणं हा नाटक बघण्यातला अडथळा उरतो का, असं विचारलं की लगेच कळतं.

नाट्यगृहांच्या आत मात्र कामं आधीच सुरू झाली होती. १९८१ मध्ये वॉशिंग्टनच्या एका थिएटरनं अंध प्रेक्षकांसाठी कानातल्या यंत्रातून वर्णन सुरू केलं, म्हणजे संवादांच्या मधल्या फटीत कोण कुठून आलं, कुणाच्या हातात काय आहे हे हळू आवाजात सांगायचं. १९८३ मध्ये टोरांटोच्या ऑपेरात रंगमंचाच्या वर शब्द दाखवायला लागले, ते खरंतर परकी भाषा न कळणाऱ्यांसाठी होते, कर्णबधिर लोक कुणाच्या डोक्यातही नव्हते, फायदा मात्र त्यांनाही झाला. हे सगळं बंद खोलीत, ठरलेल्या खुर्च्यांसमोर. मोकळ्या मैदानाचं काय, हा प्रश्न अजून यायचाच होता.

तो आला १९९० नंतर. त्या वर्षी अमेरिकेत अपंगांच्या हक्कांचा मोठा कायदा झाला, आणि त्याच्या मानकांत एक गोष्ट आहे जी आयोजकांच्या सहसा लक्षात येत नाही, ती म्हणजे हे नियम तात्पुरत्या बांधकामालाही लागू आहेत. तात्पुरता स्टेज, तात्पुरत्या बैठका, प्रदर्शनाचे मांडव, सगळं धरलं. 'दोनच दिवसांचं तर आहे' ही आयोजकांची सगळ्यात लाडकी सबब तिथे कागदावर तरी संपली.

आता त्या शब्दाकडे येतो ज्याच्यावर सगळं अडलं. १९९१ च्या नियमात लिहिलं होतं की व्हीलचेअरच्या जागेवरून दिसणारं दृश्य इतर लोकांना दिसतं त्याच्याशी 'तुलनात्मक' असावं. आता तुलनात्मक म्हणजे काय? सगळे बसलेले असताना तुलनात्मक, की सगळे उभे राहतात तेव्हाही? व्हीलचेअरमध्ये बसलेल्या मोठ्या माणसाचे डोळे जमिनीपासून साधारण ११० ते १२५ सेंटीमीटरवर असतात. पुढचा माणूस बसलेला असेल तर ठीक, तो उभा राहिला की समोर त्याची पाठ, फार तर पँटचा मागचा खिसा. आणि गाण्याच्या कार्यक्रमात लोक उभे राहतात ते नेमके चांगल्या क्षणांना, म्हणजे तिकीट ज्यासाठी काढलं तेवढंच बरोबर झाकलं जातं. बाकीचे उभे राहून परत बघू शकतात, हा एकटाच राहू शकत नाही.

नियम यावर गप्प होता. १९९४ मध्ये सरकारी खात्यानं आपल्या मार्गदर्शक पुस्तिकेच्या पुरवणीत लिहून टाकलं की जिथे लोक उभे राहतील अशी अपेक्षा आहे तिथे उभ्या माणसांच्या वरून दिसायला हवं. स्टेडियमवाले म्हणाले, नियमात नसलेली गोष्ट तुम्ही पुस्तिकेतून घुसवताय. १९९७ मध्ये वॉशिंग्टनच्या एका नव्या स्टेडियमच्या केसमध्ये अपील कोर्टानं खात्याचा अर्थ मान्य केला. १९९९ मध्ये न्यू जर्सीतल्या एका ॲम्फीथिएटरच्या केसमध्ये दुसऱ्या अपील कोर्टानं तोच अर्थ फेटाळला. म्हणजे एकाच देशात, एकाच कायद्याखाली, तुम्ही कुठल्या भागात राहता त्यावर तुम्हाला स्टेज दिसणार की समोरच्याची पाठ हे ठरायला लागलं.

पण त्या १९९९ च्या केसचा दुसरा अर्धा भाग महोत्सवांसाठी जास्त महत्त्वाचा आहे, आणि त्याच्याकडे सगळे दुर्लक्ष करतात असं मला वाटतं. त्या ॲम्फीथिएटरला मागे गवताचा मोठा उतार होता, लोक चादर टाकून बसायचे, आणि तिथे व्हीलचेअरनं जायला वाटच नव्हती. आयोजकांच्या बाजूनं म्हणणं असं की नियमात 'पक्क्या बैठका' म्हटलंय, गवतावर कुठे बैठका आहेत. हे मात्र कोर्टानं मानलं नाही, गवतावर बसायची सोय लोकांना देताय तर तिथे जायची वाटही द्या असं सांगितलं. म्हणजे दिसण्याचा मुद्दा हरला आणि पोचण्याचा जिंकला, तोही एकाच निकालात! दिसण्याचं कोडं शेवटी २०१० च्या सुधारित मानकांनी सोडवलं. उभ्या माणसांच्या डोक्यांवरून, किंवा निदान खांद्यांवरून आणि डोक्यांच्या मधल्या फटींतून दिसलं पाहिजे, आणि तेही कुठल्या ओळीतल्या माणसांच्या, हे सगळं त्यात बारकाईनं लिहिलंय. ही मानकं २०१२ पासून सक्तीची झाली.

आता सपाट मैदानात उभ्या माणसांच्या डोक्यांवरून दिसायचं तर दुसरा उपाय काय? उंच चढवा. त्यामुळे मचाण. ब्रिटन, युरोपमधल्या महोत्सवांनी हे आपापल्या वाटेनं केलं, कोर्टाची वाट न बघता, पण गणित तेच. आणि तिथून पुढचा घोळ सुरू झाला, कारण मचाण हे फक्त नजरेच्या कोनाचं उत्तर होतं आणि लोकांनी त्याला ॲक्सेसचं उत्तर समजून टाकलं. मचाण बांधलं, आमचं काम झालं.

मचाणावर जागा मोजकी. मित्र सहा आले असतील तर एक वर येतो, पाच खाली गर्दीत, आणि मग फोनवर हात हलवून एकमेकांना दाखवायचं. 'एक सोबती' हा नियम आला कुठून तर खुर्चीशेजारी खुर्ची या बांधकामाच्या हिशोबातून, आणि तो तसाच तिकिटांच्या नियमात जाऊन बसला. त्यात सोबती या शब्दाचा अर्थही कुणी धड ठरवला नाही. मदतीला पगारावर आलेला माणूस सोबती, की बायको सोबती, की मैत्रीण? ज्याला जेवायला, टॉयलेटला मदतनीस लागतोच त्याची ती एक जागा मदतनीसात जाते आणि बायको खाली उभी राहते. अमेरिकेच्या २०१० च्या तिकीट नियमांत याचं थोडं उत्तर आहे, व्हीलचेअरच्या जागेला लागून त्याच ओळीत आणखी तीन तिकिटं घेता येतात, अर्थात शिल्लक असतील तर. बऱ्याच ठिकाणी मात्र अजून एकावर एक हाच हिशोब चालतो.

पुरावा मागायचा की नाही, हा दुसरा वाद. अमेरिकेतल्या त्याच नियमांनी ॲक्सिबल जागेचं तिकीट विकताना अपंगत्वाचा पुरावा मागायला बंदी घातली, विचारू शकता, कागद मागू शकत नाही. ब्रिटनमधल्या बऱ्याच महोत्सवांत उलट, फॉर्म भरा, कागद जोडा, मग जागा. त्यांचं म्हणणं की कागद नाही मागितला तर धडधाकट लोक मचाणावर चढून बसतील, आणि हे अगदीच खोटं नाही. पण दर वेळी अनोळखी ऑफिसला आपलं वैद्यकीय पत्र पाठवणं हे तिकीट काढण्याचं काम आहे का, हेही कुणीतरी विचारायला हवं. माझा कल कुठे आहे ते कळलंच असेल.

मचाणाच्या बाजूनंही बोलणारे आहेत, आणि त्यात व्हीलचेअर वापरणारेच जास्त. धक्काबुक्की नाही, कुणी दारू अंगावर सांडत नाही, थकवा येणाऱ्या आजारात गर्दीपासून दूर टेकायला जागा मिळते. विरोधातले म्हणतात, आम्हाला पुढे स्टेजसमोरच्या बॅरिकेडला चिकटून राहायचंय, तिथे जागा करा. दोन्ही मागण्या एकाच महोत्सवात पुऱ्या करता येतात, एक मोठं मचाण मागे, एक छोटं पुढे कडेला आणि बॅरिकेडजवळ सपाट जागा, असं काही ठिकाणी होतंही. जमिनीवर प्लास्टिकच्या किंवा ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांची वाट टाकली नाही तर या सगळ्याला काही अर्थ नाही ही गोष्ट वेगळी, कारण पाऊस पडला की पुढची छोटी चाकं चिखलात अशी रुततात की रॅम्पपर्यंत पोचायलाच चार माणसं लागतात.

ब्रिटनमध्ये अपंगांशी होणाऱ्या भेदभावाविरुद्ध १९९५ चा कायदा झाला, २००४ पासून इमारतींच्या रचनेत बदल करायची जबाबदारी आली, आणि २०१० च्या कायद्यातही एक महत्त्वाची गोष्ट पक्की राहिली की अपंग ग्राहक दारात यायच्या आधीच तयारी करायची, तो आल्यावर धावपळ नाही. याचा दणका एका कॉन्सर्टला बसला. २०१७ मध्ये काही कर्णबधिर आयांनी मुलींना घेऊन जायचं म्हणून साइन लँग्वेज इंटरप्रिटर मागितला, आयोजकांनी शेवटी दिला पण फक्त मुख्य बँडसाठी, आधीच्या दोन गायकांच्या वेळी स्टेजकडे बघत बसायचं. २०२१ मध्ये कोर्टानं सांगितलं की हे पुरेसं नव्हतं. तिकीट पूर्ण संध्याकाळचं, तर इंटरप्रिटरही पूर्ण संध्याकाळचा.

चाकांच्या आणि कानांच्या पलीकडचं मग यायला लागलं. २०११ मध्ये टुरेट्स (नकळत झटके येणं, तोंडून आवाज निघणं अशी अवस्था) असलेल्या एक कलाकार बाई एका विनोदी शोला गेल्या होत्या, त्यांच्या तोंडून आपोआप निघणाऱ्या आवाजांमुळे मध्यंतरात त्यांना उठवून साउंडच्या काचेच्या खोलीत बसवलं. पुढे त्यांनी स्वतःचाच शो काढला आणि २०१४ मध्ये एडिंबरा फ्रिंज या स्कॉटलंडमधल्या मोठ्या कलामहोत्सवाला नेला, कारण थिएटरमधल्या ज्या जागेवरून आपल्याला कुणी उठवणार नाही अशी एकच जागा त्यांना दिसली, रंगमंच. त्याच वर्षांत 'रिलॅक्स्ड' प्रयोग पसरले, दिवे पूर्ण घालवायचे नाहीत, मोठे आवाज कमी, मध्येच उठून बाहेर जाऊन परत आलं तरी चालतं. यातही मचाणाचाच प्रश्न आहे. वेगळा प्रयोग, वेगळी वेळ, बहुतेक दुपारची आणि एकच.

टॉयलेटचं तर विचारूच नका. रुंद दाराची केबिन म्हणजे सोय, अशी समजूत बरीच वर्षं होती. ज्या मोठ्या माणसाला डायपर बदलायला आडवं व्हावं लागतं त्याला त्या केबिनच्या जमिनीवर झोपवायचे, शेकडो लोक वापरून गेलेल्या जमिनीवर. ब्रिटनमध्ये या शतकाच्या पहिल्या दशकात त्यावर मोहीम सुरू झाली, मोठं बदलायचं टेबल आणि उचलायला होइस्ट असलेल्या खोल्यांची, आणि २०२१ पासून इंग्लंडमधल्या मोठ्या नव्या सार्वजनिक इमारतींना त्या सक्तीच्या झाल्या. मैदानातल्या महोत्सवाला हीच खोली ट्रकवर चढवून आणावी लागते.

२०२० मध्ये सगळे महोत्सव एकदम स्क्रीनवर आले. वर्षानुवर्षं 'तांत्रिकदृष्ट्या शक्य नाही' म्हणून सांगितलेलं लाइव्ह स्ट्रीमिंग आणि कॅप्शन काही आठवड्यांत शक्य झालं, ज्यांना पलंगावरून उठताच येत नाही अशा लोकांनी पहिल्यांदा उद्घाटनापासून समारोपापर्यंत महोत्सव बघितले. मैदानं परत उघडली तशी बऱ्याच ठिकाणी ती स्ट्रीम बंद झाली, हक्क, खर्च, कॅमेऱ्याची माणसं अशी कारणं देऊन. काहींनी एखाद-दुसऱ्या कार्यक्रमापुरती ठेवली, ॲक्सेसच्या यादीत, मचाणाच्या फोटोच्या खाली.