थिओडोर रूसो आणि आंरी रूसो: दोघेही झाडांचेच चित्रकार

‘रूसोचे जंगल’ असा उल्लेख आला की आधी कोणता रूसो, हे पाहावे लागते. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये या आडनावाचे दोन चित्रकार होऊन गेले आणि दोघांचीही नामांकित चित्रे झाडाझुडपांची आहेत. अठराव्या शतकातले तत्त्वज्ञ झां-जाक रूसो हे तिसरेच.

थिओडोर रूसो (१८१२–१८६७) हे बार्बिझाँ गावाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या निसर्गचित्रकारांचे अग्रणी. पॅरिसच्या अधिकृत प्रदर्शनाच्या परीक्षकांनी १८३६ पासून त्यांची चित्रे इतक्या वेळा परत पाठवली की ‘महान नाकारलेला’ हेच त्यांचे टोपणनाव झाले. ते बार्बिझाँलगतच्या फाँतेनब्लोच्या अरण्यात जाऊन एकेका ओकची ठेवण न्याहाळत. ‘आप्रमाँचे ओक’ या चित्रात भर उन्हात उभ्या असलेल्या वृक्षांसमोर खालची गुरे अगदी किरकोळ वाटतात. या अरण्यातली वृक्षतोड थांबावी म्हणून १८५२ साली त्यांनी सरकारदरबारी अर्ज केला आणि १८६१ मध्ये तिथले हजाराहून अधिक हेक्टर क्षेत्र कलावंतांसाठी म्हणून राखीव झाले.

आंरी रूसो (१८४४–१९१०) यांची गोष्ट अधिक गुंतागुंतीची आहे. लाव्हाल या गावात जन्मलेला हा माणूस पॅरिसच्या जकात नाक्यावर नोकरीला होता आणि रीतसर कलाशिक्षण न घेता फावल्या वेळात चित्रे काढत होता. मित्रांनी त्यांना ‘दुआनिए’, म्हणजे सीमाशुल्क अधिकारी, असे बढतीचे नाव दिले आणि ते आजही चिकटून आहे. १८८६ पासून ते परीक्षक नसलेल्या स्वतंत्र कलावंतांच्या प्रदर्शनात चित्रे मांडू लागले; प्रेक्षक बहुधा हसत. लष्करात असताना त्यांनी मेक्सिकोची अरण्ये पाहिली, अशी दंतकथा पसरली होती. प्रत्यक्षात ते फ्रान्सबाहेर कधी गेलेच नाहीत. त्यांचे जंगल पॅरिसच्या वनस्पती उद्यानातल्या काचगृहांतून आणि सचित्र पुस्तकांतून आलेले आहे.

१८९१ च्या वादळातल्या वाघाच्या चित्रात हे जवळून दिसते. पानांचे एकामागून एक थर स्वच्छ कडांनी कापल्यासारखे रचलेले आहेत आणि त्या साऱ्यावरून पावसाच्या बारीक चंदेरी रेषा तिरप्या ओढलेल्या आहेत. १९१० च्या ‘स्वप्न’मध्ये तर घनदाट झाडीत चक्क एक कोच आहे आणि त्यावर विवस्त्र स्त्री पहुडलेली आहे. याला ‘भाबडी’ कला म्हणण्याची रीत आहे, पण हिरव्या रंगाच्या इतक्या छटा एकमेकींत न मिसळता शेजारी बसवणे भाबड्या हाताचे काम नव्हे. १९०८ मध्ये पिकासो यांनी त्यांच्या सन्मानार्थ मेजवानी दिली. त्यात थट्टा किती आणि आदर किती, यावर वाद घालता येईल.

आंरी यांना उत्तर-दृक्‌प्रत्ययवाद्यांत (म्हणजे क्षणिक प्रकाश टिपणाऱ्या इम्प्रेशनिस्टांनंतरच्या चित्रकारांत) गणतात ते मुख्यतः काळामुळे. त्याच गटातल्या सरा किंवा सेझान यांच्यासारखा शास्त्रशुद्ध रंगविचार किंवा रचनाविचार त्यांनी मांडलेला नाही. थिओडोर तर दृक्‌प्रत्ययवादाच्याही आधीचे. पॅरिसच्या ऑर्से संग्रहालयात मात्र दोघांचीही चित्रे आहेत, त्यामुळे तिथे नुसते आडनाव वाचून पुढे सरकू नये: प्रकाश फांद्यांतून झिरपत असेल तर चित्र थिओडोर यांचे, आणि चांदण्यातही प्रत्येक पान वेगळे मोजता येत असेल तर ते आंरी यांचे.