भुकेची साक्ष कोणी द्यायची?

हार्वर्डमधला ए. एल. वॉशबर्न हा विद्यार्थी कित्येक आठवडे जवळजवळ रोज एक रबरी नळी गिळायचा आणि दोन-तीन तास तशीच पोटात ठेवायचा. नळीच्या टोकाला छोटा फुगा होता. जठर आवळलं की फुगा दबायचा आणि बाहेर फिरत्या ढोलावर रेघ वर जायची. भुकेची कळ आली की वॉशबर्ननं बटण दाबायचं. त्याचे गुरू वॉल्टर कॅनन यांनी दोन्ही नोंदी शेजारी ठेवून पाहिल्या. कळ आणि आकुंचन बरोबर जुळत होती, पण बटण दाबलं जायचं ते आकुंचन टिपेला पोचल्यावर. म्हणजे आधी पोट हलायचं आणि मग माणसाला कळायचं. हा निबंध १९१२ साली प्रसिद्ध झाला. भूक यंत्रावर उमटवण्याच्या पहिल्या प्रयत्नांपैकी तो एक.

शिकागोत अँटन कार्लसन यांनी हेच काम पुढे नेलं. पोटातली हालचाल म्हणजे भूक, हे समीकरण त्यानंतर बराच काळ टिकलं. खरं तर १९३१ मध्येच त्याला तडा गेला होता: जठर पूर्ण काढून टाकलेल्या रुग्णालाही भूक लागते, असं कार्लसन यांच्याच सहभागातून पुढे आलं. पण फुगा गिळवून आलेख काढता येत होता, आणि आलेख काढता येणारी कल्पना सहसा लवकर मरत नाही.

लठ्ठपणाच्या इतिहासात हा फुगा शिरला १९५० च्या दशकाच्या शेवटी. अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ अल्बर्ट स्टंकार्ड यांनी लठ्ठ आणि सडपातळ स्त्रियांना न्याहारी न करता सकाळी बोलावलं, फुगा गिळायला लावला आणि चार तास दर १५ मिनिटांनी विचारलं, भूक लागली आहे का? सडपातळ स्त्रियांचं पोट आवळत असताना सुमारे ७१ टक्के वेळा उत्तर 'हो' आलं. लठ्ठ स्त्रियांत हेच प्रमाण सुमारे ४८ टक्के होतं. १९५९ च्या निबंधाच्या शीर्षकातच त्यांनी या तफावतीला भुकेचा 'इन्कार' म्हटलं.

हा शब्द बारकाईनं पाहण्यासारखा आहे. यंत्र आणि माणूस यांचं जुळलं नाही, तेव्हा चूक माणसाची धरली गेली. फुगाच अपुरा साक्षीदार असेल, ही शक्यता मागे पडली. स्टंकार्ड यांच्या प्रामाणिकपणाला दाद द्यायला हवी, कारण १९७१ मध्ये सगळा पुरावा एकत्र मांडून जठराची हालचाल आणि भूक यांचं नातं कच्चं असल्याचं त्यांनीच सहकाऱ्यासोबत लिहिलं. तोवर 'लठ्ठ माणसाला स्वतःची भूक कळत नाही' ही समजूत मात्र रुजली होती.

ती रुजायला आणखी दोन प्रयोगांचा हातभार लागला. १९६५ मध्ये न्यूयॉर्कच्या सामी हाशिम आणि थिओडोर व्हॅन इटॅली यांनी अन्न देणारं एक यंत्र वापरलं. बटण दाबलं की नळीतून पातळ, बेचव पोषक द्रव तोंडात येणार, आणि हवा तितका घ्यायचा. सडपातळ लोकांनी साधारण वजन टिकेल इतका द्रव घेतला. रुग्णालयात ठेवलेल्या लठ्ठ व्यक्तींनी मात्र फारच थोडा घेतला. मग १९६८ मध्ये कोलंबिया विद्यापीठातल्या स्टॅन्ली शाख्टर यांनी घड्याळालाच हात घातला. एका गटाच्या खोलीतलं घड्याळ निम्म्या वेगानं चालायचं, दुसऱ्या गटाचं दुप्पट. खरी वेळ साडेपाचच्या आसपास, पण एका भिंतीवर ५:२० आणि दुसऱ्या भिंतीवर ६:०५. समोर बिस्किटं ठेवलेली. जेवणाची वेळ झाली असं वाटलेल्या लठ्ठ लोकांनी जास्त बिस्किटं खाल्ली. सडपातळ लोकांनी उलट कमी खाल्ली, का तर आता खाल्लं तर जेवण जाणार नाही! शाख्टर यांचा निष्कर्ष असा की लठ्ठ माणूस पोटाचं ऐकत नाही, तो घड्याळाचं, वासाचं, समोरच्या ताटलीचं ऐकतो.

कल्पना इतकी सुबक होती की तिच्यातली भोकं दिसायला वेळ लागला. बाहेरच्या खुणांना भुलणारे लोक प्रत्येक वजनगटात सापडतात, हे ज्युडिथ रोडिन यांनी १९८१ मध्ये सविस्तर दाखवलं. त्याआधी, १९७२ मध्ये, रिचर्ड निस्बेट यांनी प्रश्नच उलटा करून पाहिला. हे लोक कमी खाण्याच्या धडपडीत सतत स्वतःच्या शरीराच्या मागणीखाली राहत असतील, म्हणजे खरोखर भुकेलेच असतील तर? अन्नाची खूण दिसली की लक्ष तिकडे ओढलं जाणं, हे उपाशी माणसाचंही लक्षण आहे. १९४४-४५ मध्ये मिनेसोटात अँसेल कीज यांनी ३६ निरोगी तरुणांना २४ आठवडे अर्धपोटी ठेवलं होतं. त्यांच्या बोलण्यात, स्वप्नांत, वाचनात अन्नच अन्न आलं होतं. त्यांना कोणी 'स्वतःची भूक न कळणारे' म्हटलं नाही.

या सगळ्या गदारोळात एक अगदी साधं साधन तयार होत होतं. भूक दाबणाऱ्या गोळ्या तपासायच्या तर माणसाला काहीतरी विचारणं भागच होतं. १९६० च्या दशकात लंडनचे ट्रेव्हर सिल्व्हरस्टोन आणि इतरांनी त्यासाठी कागदावरची आडवी रेघ वापरली. पुढे तिची लांबी बहुतेक ठिकाणी १०० मिलिमीटर ठरली. एका टोकाला 'अजिबात भूक नाही', दुसऱ्या टोकाला 'याहून जास्त भूक असूच शकत नाही'. माणसानं खूण करायची, संशोधकानं पट्टीनं अंतर मोजायचं. फुग्यानंतर अर्ध्या शतकानं पुन्हा माणसाच्या शब्दाकडेच यावं लागलं!

शब्दावर विसंबायचं नाही असं ठरवणाऱ्यांनी इतर वाटा काढल्या. हॅरी किसिलेफ यांनी १९८० मध्ये जेवणाच्या टेबलाखाली लपवलेला तराजू वर्णिला. ताटलीचं वजन क्षणोक्षणी नोंदलं जातं आणि घास कुठे मंदावला ते दिसतं. १९८५ मध्ये स्टंकार्ड यांनी सॅम्युएल मेसिक यांच्यासोबत ५१ प्रश्नांची प्रश्नावली आणली. खाण्यावर आवर, तो आवर सुटणं आणि भूक असे तीन वेगळे आकडे तिच्यातून निघतात. ती आजही वापरात आहे.

रेघ कितपत भरवशाची, याचा सर्वाधिक उद्धृत होणारा अभ्यास डॅनिश आणि ब्रिटिश संशोधकांनी २००० साली प्रसिद्ध केला. त्यात ५५ जण होते, सगळे निरोगी, तरुण आणि सामान्य वजनाचे पुरुष. लठ्ठपणावरच्या औषधांचा निवाडा करणारी पट्टी अशी सडपातळ अंगांवर बेतलेली आहे. त्यांचा एक सल्ला मात्र मोलाचा आहे: एकाच माणसाची दोन दिवसांची तुलना करा, दोन माणसांची नको. माझे ६० मिलिमीटर आणि तुमचे ६० मिलिमीटर एकच, याची हमी कोण देणार?

इथे एक घोळ वारंवार होतो. १९९२ मध्ये स्टीव्हन लिक्टमन आणि सहकाऱ्यांनी 'कमी खाऊनही वजन उतरत नाही' म्हणणाऱ्या दहा जणांच्या शरीरात खरोखर खर्च होणारी ऊर्जा मोजली. त्यासाठी प्यायला दिलेल्या पाण्यात हायड्रोजन आणि ऑक्सिजनची जड, निरुपद्रवी रूपं मिसळली होती. या लोकांनी आपलं खाणं सरासरी ४७ टक्के कमी आणि हालचाल ५१ टक्के जास्त सांगितली होती. त्यावरून 'यांचं काहीच खरं मानू नका' असा अर्थ अनेकांनी काढला. पण काल काय खाल्लं ही आठवण आहे, आत्ता भूक किती आहे ही जाणीव. पहिली चुकते म्हणून दुसरीही खोटी ठरत नाही.

जाणिवेच्या बाजूनं साक्ष अखेर रक्तातून आली. १९९४ मध्ये जेफ्री फ्रीडमन यांच्या गटानं चरबीतून स्रवणाऱ्या, भूक आवरणाऱ्या लेप्टिन या हार्मोनचं जनुक शोधलं. १९९७ मध्ये केंब्रिजच्या संशोधकांनी जन्मतः लेप्टिन नसलेल्या दोन चुलत भावंडांचं वर्णन केलं. ती सतत भुकेली असायची, जेवून उठली तरी. १९९९ मध्ये एका नऊ वर्षांच्या मुलीला लेप्टिनची इंजेक्शनं दिल्यावर तिची भूक ओसरली आणि वजनही. मात्र बहुसंख्य लठ्ठ माणसांत लेप्टिन कमी नव्हे, भरपूर असतं. आणि १९९९ मध्ये सापडलेलं, भूक चेतवणारं घ्रेलिन हे हार्मोन त्यांच्यात उलट कमी आढळलं. म्हणजे रक्ताचा एक थेंब घेऊन 'याला एवढी भूक आहे' असं सांगण्याचीही सोय नाही.

हार्मोन बोलू लागतात ते वजन उतरल्यावर. मेलबर्नमध्ये ५० जणांवर सुरू झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दहा आठवड्यांच्या कडक आहारानं सरासरी साडेतेरा किलो वजन कमी झालं. वर्षभरानंतरही लेप्टिन खाली, घ्रेलिन वर, आणि त्याच जुन्या रेघेवरची भूक सुरुवातीपेक्षा जास्त. या वेळी यंत्र आणि माणूस एकच सांगत होते.

मला स्वतःला सर्वांत चतुर वाटतो तो २०१६ चा केव्हिन हॉल आणि सहकाऱ्यांचा अभ्यास. मधुमेहाचं एक औषध लघवीतून साखर बाहेर टाकतं. घेणाऱ्याला ही गळती जाणवत नाही, त्यामुळे डाएटचा निश्चय, अपराधीभाव वगैरे काही मध्ये येत नाही. वजन हळूहळू उतरतं आणि खाणं आपसूक वाढतं. हिशेब निघाला तो असा की उतरलेल्या दर किलोमागे भूक दिवसाला सुमारे १०० कॅलरींनी वाढते. शरीराचा खर्च त्या मानानं पुष्कळच कमी घटतो. इथे भूक मोजली गेली ती कोणाला एकही प्रश्न न विचारता.

नंतर भूक कमी करणारी, जीएलपी-१ या वर्गाची औषधं आली. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, ३० लठ्ठ व्यक्तींच्या छोट्या चाचणीत त्यांपैकी सेमाग्लुटाइड या औषधावर असताना मनसोक्त खाण्याची मुभा असूनही खाणं २४ टक्क्यांनी कमी झालं, आणि रेघेवरची भूकही घटली. पण औषध घेणारे लोक सांगू लागले ते रेघेत बसणारं नव्हतं. भूक कमी झाली यापेक्षा डोक्यात अष्टौप्रहर चालणारी खाण्याची कुजबुज थांबली, असं ते म्हणत. इंग्रजीत त्याला 'फूड नॉइज' हे नाव पडलं आणि २०२३ च्या सुमारास ते सर्वत्र पसरलं. 'आत्ता किती भूक आहे?' या प्रश्नाला अशा माणसानं औषधाआधीही कदाचित 'फारशी नाही' असंच उत्तर दिलं असतं. स्टंकार्डच्या फुग्यासमोर बसलेल्या बायकांपैकी काहींचं असंच होतं का, हे आता विचारता येणार नाही. गेल्या काही वर्षांत या कुजबुजीसाठी वेगळ्या प्रश्नावल्या बनू लागल्या आहेत. त्यांत पोटाबद्दल फारसं विचारलेलं नसतं. दिवसातला किती वेळ खाण्याचा विचार पाठ सोडत नाही, हे विचारलेलं असतं.