गाळा (गिरणगाव)

एका गावच्या पुरुषांनी मिळून मुंबईच्या चाळीत भाड्याने धरलेली सामाईक खोली. लालबाग, परळ, डिलाईल रोड, वरळी, नायगाव या गिरणगावातल्या वस्त्यांत असे गाळे होते. कोकणातले आणि सातारा-कोल्हापूरकडचे चाकरमानी त्यांत राहत. 'गावकऱ्यांची खोली' असेही तिला म्हणत.

१८५६ मध्ये ताडदेवला शहरातली पहिली कापडगिरणी सुरू झाली. पुढे गिरण्या वाढत गेल्या, पण मजुराला कुटुंब आणून ठेवता येईल एवढा पगार किंवा जागा मिळाली नाही. त्या अडचणीतून गाळा आला. गिरणीची पाळी हेच त्याचे घड्याळ. रात्रपाळीचा माणूस सकाळी परते तोवर पहिल्या पाळीचा भोंग्यासरशी निघून गेलेला असे. त्याने गुंडाळलेल्या वळकटीच्या जागी दुसऱ्याची उलगडे. म्हणून दहा बाय बाराच्या खोलीत वीस-पंचवीस जण मावत. उन्हाळ्यात निम्मे गॅलरीत नाहीतर फुटपाथवर झोपत. प्रत्येकाच्या वाट्याला पत्र्याची एक ट्रंक आणि कपडे टांगायला भिंतीतला एक खिळा. मृदंग किंवा ढोलकी मात्र सगळ्यांची.

गाळ्यात बायका नसत. गावी शेती, म्हातारी माणसे आणि मुले त्या सांभाळत, आणि त्यांच्या त्या कष्टांवरच गिरणीचा अपुरा पगार पुरत होता. गिरणगावाबद्दल बोलताना ही बाजू फार वेळा सुटते. जेवण खानावळवालीकडे असे. हिशेब महिन्याचा, पैसे पगाराला. तोवर धान्य-रॉकेलसाठी तिला सावकाराचे कर्ज काढावे लागे. या बायकांना बँकेचे कर्ज मिळावे म्हणून प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले.

नवा पोरगा गावाहून आला की पहिल्यांदा गाळ्यात उतरे. कुणीतरी काका किंवा भाऊ मुकादमाला सांगून त्याला बदली कामगार, म्हणजे गैरहजर माणसाच्या जागी घेतलेला मजूर, म्हणून चिकटवी. जातीची शीवही या खोलीपर्यंत गावातूनच आलेली असे. एका गावचे असले तरी सगळे एका गाळ्यात नसत.

१८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. महिने उलटू लागले तसे अनेकांनी ट्रंक उचलून गावची एस.टी. धरली. गावची भाकरी पाठीशी होती, म्हणूनच हा संप वर्षाहून जास्त टिकू शकला. पण परतलेल्यांपैकी हजारोंना गिरणीत पुन्हा काम मिळाले नाही.

गिरण्यांच्या जमिनींवर पुढे टॉवर आणि मॉल उभे राहिले. चाळींच्या पुनर्विकासात घर मिळते ते भाडेपावतीवर ज्याचे नाव त्याला, आणि गाळ्याची पावती बहुधा एकाच्या नावावर असे. पिढ्यान्‌पिढ्या भाड्याचा वाटा भरणाऱ्या बाकीच्यांचा हक्क कागदावर कुठेच नसतो. काही गावांनी खोली मंडळाच्या नावावर ठेवली होती. कोकणातल्या कितीतरी देवळांच्या पायऱ्यांवर 'ग्रामस्थ मंडळ, मुंबई' अशी देणगीची फरशी दिसते; त्यातल्या अनेक मंडळांच्या बैठका अशाच एखाद्या गाळ्यात भरत.