एका डोसात नैराश्य जात नाही

‘मॅजिक मशरूम एकदा खाल्लं की नैराश्य जातं, परदेशात डॉक्टरच देतात,’ हे नागपुरातही ऐकू येतं. चूक आहे. चाचण्यांत मशरूम नव्हे, त्यातलं भ्रम निर्माण करणारं रसायन, सिलोसायबिन, मोजून 25 मिलिग्रॅम देतात. आधी तयारीची सत्रं, मग सहा-आठ तास प्रशिक्षित थेरपिस्ट शेजारी. 2022च्या मोठ्या चाचणीत तीन आठवड्यांनी 37 टक्के रुग्णांना फरक पडला. बारा आठवडे तो टिकला साधारण 20 टक्क्यांतच. मशरूममध्ये तर प्रमाणाचा भरवसाच नाही. घराण्यात बायपोलर किंवा स्किझोफ्रेनिया असेल तर आजार उसळू शकतो, लिथियम (बायपोलरवरचं औषध) चालू असेल तर फिट येऊ शकते. म्हणूनच अनेक मानसोपचारतज्ज्ञ संशोधनाच्या बाजूने आहेत, घरच्या प्रयोगाच्या नाहीत. चालू गोळ्या परस्पर तर अजिबात थांबवू नका. नागपुरात प्रादेशिक मनोरुग्णालय आहे. टेलि-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 क्रमांक मोफत आहे.