‘हिंसा’ कशाला म्हणायचं? ब्रिटनमधल्या प्राणिहक्क चळवळीची पार्श्वभूमी

२०२२ मध्ये इंग्लंडमधल्या काही तरुण कार्यकर्त्यांनी बड्या दुकानांत शिरून दुधाच्या बाटल्या उघडल्या आणि दूध फरशीवर ओतलं. शेतीने जनावरं सोडून वनस्पतींकडे वळावं, ही त्यांची मागणी. त्यावर ‘अतिरेकी’ हा शब्द लगेच उच्चारला गेला. हा शब्द ऐकून तिथल्या पन्नाशीच्या माणसाला जे आठवतं, ते सांडलेल्या दुधापेक्षा फार वेगळं आहे.

फार मागे जात नाही. १८२४ मध्ये लंडनमध्ये प्राण्यांच्या छळाविरुद्ध संस्था निघाली, १८४७ मध्ये शाकाहाऱ्यांची संघटना उभी राहिली, १८७६ मध्ये प्राण्यांवरच्या प्रयोगांना परवान्याची अट आली. १९०६ मध्ये लंडनच्या बॅटरसी भागात प्रयोगात मेलेल्या एका तपकिरी कुत्र्याचा पुतळा बसला. पुढच्याच वर्षी वैद्यकीय विद्यार्थ्यांनी त्याविरुद्ध दंगली केल्या आणि १९१० मध्ये पालिकेने पहाट व्हायच्या आत पुतळा हलवला. तेव्हा रस्त्यावर हाणामारी करणारे प्रयोगांच्या बाजूचे होते, हे आज कुणाच्या लक्षात नसतं.

वळण आलं ते १९७० च्या दशकात. कोल्ह्यांच्या शिकारीत अडथळे आणणाऱ्यांपैकी काहींना एवढंच पुरेसं वाटेना. १९७३ मध्ये त्यांनी मिल्टन कीन्स इथे बांधकाम चालू असलेल्या एका प्रयोगशाळेला आग लावली. १९७६ मध्ये त्यातूनच एक नवी फळी तयार झाली. तिला कार्यालय नव्हतं, सभासदांची यादी नव्हती. नियम पाळून जो कृती करेल तो आपला. त्या नियमांतला एक महत्त्वाचा: कुठल्याही प्राण्याला, माणसालासुद्धा, इजा होणार नाही याची पूर्ण काळजी घ्यायची. पिंजरे तोडा, यंत्रं फोडा, मोटारी जाळा, पण अंगाला धक्का नको.

सगळा गुंता या एका नियमात आहे. चळवळीचं म्हणणं असं की ज्याला दुखत नाही त्याच्यावर हिंसा होऊच शकत नाही. काच फुटली तर ती कळवळत नाही. पिंजऱ्यातला प्राणी कळवळतो, आणि त्याला मात्र कायदा ‘मालमत्ता’ म्हणतो. यातला दुसरा भाग मला पूर्ण पटतो. जिवंत कुत्रा आणि लोखंडी पिंजरा एकाच रकान्यात लिहिणारा कायदा चुकीचाच आहे. पण मोटार कुणाच्या तरी दारात उभी असते, आणि पहाटे दोनला ती पेटते तेव्हा घरात मुलं झोपलेली असतात. आपल्याकडे काया-वाचा-मने म्हणतात. अहिंसेचा विचार ज्या मातीत शेकडो वर्षं घासला गेला, तिथे धमकीचं पत्र हिंसेतून सुटत नाही. समोरच्याच्या मनात मुद्दाम पेरलेली भीतीही सुटत नाही. ब्रिटनमधल्या त्या नियमाने फक्त काया धरली. वाचा आणि मन मोकळं सोडलं, आणि पुढची तीस वर्षं लढाई मुख्यतः त्या मोकळ्या जागेतच झाली.

कायाही नेहमी वाचली नाही. १९८४ मध्ये याच फळीच्या नावाने एका कंपनीच्या चॉकलेटमध्ये उंदराचं विष घातल्याची आवई उठवली गेली. विष नव्हतंच, पण कंपनीला देशभरातून माल परत घ्यावा लागला. १९९० मध्ये ब्रिस्टलमध्ये एका संशोधकाच्या मोटारीखाली लावलेला बॉम्ब फुटला आणि बाबागाडीतून चाललेलं तेरा महिन्यांचं बाळ जखमी झालं.

१९९७ मध्ये केंब्रिजशायरमधल्या हंटिंग्डनजवळच्या एका प्रयोगशाळेत चोरून केलेलं चित्रण टीव्हीवर दाखवलं गेलं. त्यात कर्मचारी बीगल जातीच्या कुत्र्याच्या पिल्लाला ठोसे मारताना दिसत होते. दोघांना शिक्षा झाली. लोकांचा संताप खरा होता, आणि चळवळीच्या हाताशी दोन ताजे विजयही होते: त्याच वर्षी हियरफर्डशायरमधलं बीगलपैदास केंद्र बंद पडलं, १९९९ मध्ये ऑक्सफर्डशायरमधलं मांजरांचं, तिथून सुमारे आठशे मांजरं बाहेर निघाली. १९९९ च्या नोव्हेंबरमध्ये हंटिंग्डनची प्रयोगशाळा बंद पाडण्याची मोहीम सुरू झाली.

तिची रीत नवी होती. प्रयोगशाळा स्वतः चिवट. पण तिला कर्ज देणारी बँक, विमा उतरवणारे, हिशेब तपासणारे, शेअर दलाल यांना तिच्याशिवाय हजार गिऱ्हाइकं होती. त्यांनी एक गिऱ्हाईक सोडलं की काम झालं. बँकेला पत्र लिहिणं, दारात निदर्शनं करणं हा तर कुणाचाही हक्क. मात्र पत्ते जाहीर होऊ लागले, आणि रात्री-अपरात्री घरांसमोर भोंगे वाजू लागले. एखाद्या अधिकाऱ्याच्या शेजाऱ्यांना पत्रं जायची की तुमच्या शेजारी राहणारा माणूस लहान मुलांवर अत्याचार करणारा आहे. खोट्या बॉम्बची पार्सलं यायची. २००१ च्या फेब्रुवारीत प्रयोगशाळेच्या प्रमुखाला त्याच्या घराबाहेर तोंडं झाकलेल्यांनी कुदळीच्या दांड्यांनी मारलं. मोठ्या बँकांनी अंग काढून घेतल्यावर देशाच्या मध्यवर्ती बँकेने या खासगी कंपनीचं खातं उघडलं. पुढे विमाही सरकारलाच उतरवावा लागला. २००५ च्या सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या शेअर बाजारात तिची नोंदणी व्हायची होती, ती काही मिनिटं आधी थांबवली गेली.

पण ब्रिटनचं जनमत ज्या घटनेने फिरलं ती एका खेड्यातली आहे. स्टॅफर्डशायरमध्ये एक कुटुंब प्रयोगांसाठी गिनीपिग पाळत असे. १९९९ पासून त्यांच्या गड्यांना, त्यांना इंधन पुरवणाऱ्याला, ते जात त्या गोल्फ क्लबलाही त्रास दिला गेला. २००४ च्या ऑक्टोबरमध्ये यॉक्सल गावच्या चर्चच्या आवारातली एक कबर रात्री उकरली गेली. त्यातली म्हातारी बाई सात वर्षांपूर्वी वारली होती. तिचं त्या कुटुंबाशी नातं होतं, एवढंच. अवशेष परत मिळतील या आशेवर कुटुंबाने २००५ च्या ऑगस्टमध्ये धंदा बंद करत असल्याचं जाहीर केलं. ते मिळाले पुढच्या वर्षी मे महिन्यात, एका रानात पुरलेले.

मेलेल्या माणसाला दुखत नाही. नियमाच्या अक्षराप्रमाणे ही हिंसा ठरणार नाही. माझ्या मते तो नियम तिथेच उघडा पडला.

२००५ मध्येच कायदा आला: प्राण्यांवर प्रयोग करणाऱ्या संस्थेला हानी पोचवायच्या हेतूने गुन्हा करून किंवा तसं धमकावून तिच्याशी असलेले करार मोडायला लावले, तर पाच वर्षांपर्यंत कैद. एका उद्योगासाठी वेगळं कुंपण का, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि तो रास्त होता. कामगार संघटनांच्या निदर्शनांना जे लागू नाही ते प्राणिमित्रांना लागू झालं. २००९ च्या जानेवारीत हंटिंग्डन मोहिमेतल्या सात जणांना चार ते अकरा वर्षांच्या शिक्षा झाल्या, २०१४ मध्ये मोहीम संपली. प्रयोगशाळा चालूच होती.

दरम्यान सौंदर्यप्रसाधनांसाठीच्या चाचण्या ब्रिटनमध्ये १९९८ मध्ये थांबल्या, २०१३ मध्ये युरोपीय संघात अशा मालाच्या विक्रीवर बंदी आली, २०१४ मध्ये भारताने चाचण्या आणि आयात दोन्ही बंद केली. सह्या, ग्राहकांचा दबाव आणि संसदेतल्या चर्चा यांचं हे काम.

दूध ओतणाऱ्या पिढीला हे सगळं माहीत आहे. २०२२ च्या डिसेंबरमध्ये हंटिंग्डनच्याच परिसरातल्या एका बीगलपैदास केंद्रात कार्यकर्ते शिरले आणि अठरा कुत्रे घेऊन बाहेर आले, लपूनछपून नव्हे, उघडपणे. सोळा कुत्रे घरांमध्ये गेले. दोन पोलिसांच्या हाती लागले, आणि कायद्याप्रमाणे ती मालमत्ता असल्याने केंद्राकडे परत गेले.