केळीचा घड आणि मानेचं गणित

रावेरकडच्या बागेत केळीची कापणी चालू असते. मजूर डोक्यावर चुंबळ ठेवतो, २०-२५ किलोचा घड घेतो आणि ओल्या सरीतून झपझप निघतो. पाय घसरतो, कंबर लचकते, डोकं मात्र स्थिर. या कामाला अकुशल म्हणतात, ते मला मुळीच पटत नाही.

नुसतं डोकंच साडेचार-पाच किलोचं. त्याचा भार मणक्याच्या टेकूपेक्षा थोडा पुढे पडतो, म्हणून एसटीत डुलकी लागली की हनुवटी छातीवर येते. गणिताच्या भाषेत हा उलटा लंबक: टेकू खाली, भार वर. तळहातावर तुरकाठी उभी तोलता येते, पेन्सिल नाही. काठी चौपट लांब असेल तर कलंडायला दुप्पट वेळ लागतो. पेन्सिल तेवढी सवड देत नाही. डोळ्यांनी बघून हात हलेपर्यंत सेकंदाचा पाचवा हिस्सा जातो. हिशोब केला तर आपलं डोकं पेन्सिलीच्याच जवळपास बसतं.

मग तोल सावरतो कसा? समीकरण सोपं दिसतं: डोकं जितकं कललं तितकी उलट ओढ. पण निरोप उशिरा पोचतो. बाऱ्याला पाणी देताना शेवटच्या सरीवरून ‘मोटर बंद कर’ अशी हाक यावी आणि तोवर बांध फुटलेला असावा, तसं. उशिराच्या निरोपावर जोरात ओढलं तर डोकं सावरत नाही, मागेपुढे डोलायला लागतं. त्यासाठी समीकरणात दुसरं पद हवं: डोकं किती वेगाने कलतंय त्यावर ठरणारी ओढ.

हा वेग कळतो कानातून. प्रत्येक कानात आत द्रव भरलेल्या ३ अर्धवर्तुळाकार नलिका असतात. डोकं वळलं की द्रव मागे रेंगाळतो आणि तिथला मऊ पडदा वाकतो. खरं तर नलिकेला जाणवतो तो वेगातला बदल. पण नळी इतकी अरुंद आणि द्रवाचं घर्षण इतकं, की रोजच्या हालचालींत पडद्याचं वाकणं थेट वेगच सांगतं. मेंदूपर्यंत पोचण्याआधीच अर्धं गणित सुटलेलं! १९३०च्या दशकात जर्मन शरीरक्रियाशास्त्रज्ञ स्टाइनहाउझेन यांनी या पडद्याची हालचाल स्प्रिंग आणि घर्षणाच्या समीकरणात मांडली.

घड डोक्यावर आला की मजूर आणखी एक करतो. मानेचे चहूबाजूंचे स्नायू एकदम आवळतो. आवळलेला स्नायू कलण्याला जागच्या जागी विरोध करतो, त्याला निरोपाची वाट बघावी लागत नाही. ट्रकपाशी घड उतरवल्यावर तो आधी मान दोन्हीकडे वळवतो, मगच पाणी मागतो.